वाचकांचे प्रश्न : पोटाला चालतं, फुप्फुसाला चालेल का?

या वेळच्या टपालात बाळाच्या खोलीतल्या ह्युमिडिफायरपासून लोटे-परशुरामच्या कारखान्यापर्यंत नाना ठिकाणचे प्रश्न आहेत. सगळ्यांचा रोख मात्र एकच : जे हवेतून आत जातं ते सुरक्षित आहे हे ठरवतात कसं? प्रश्न आम्ही थोडे आखडते घेतले आहेत, उत्तरं जिथे लांबली तिथे लांबू दिली आहेत.

प्रश्न : बाळाच्या खोलीत अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर लावतो. टाकीत बुळबुळीत थर धरतो, म्हणून पाण्यात थोडं जंतुनाशक टाकायचा विचार आहे. बाटलीवर 'त्वचेला सुरक्षित' असं लिहिलंय. चालेल का? (एक वाचक, नाशिक)

नाही. झाकणभर नाही, थेंबभरही नाही.

पाणी उकळून वाफ होते तेव्हा त्यात विरघळलेला पदार्थ बहुतांशी भांड्यातच राहतो. चहाचं पातेलं आटलं की तळाला पांढरा थर दिसतो, तो हाच. अल्ट्रासॉनिक यंत्र पाणी उकळत नाही, ते कंपनांनी पाण्याचे बारीक तुषार उडवतं. त्या तुषारात पाण्यातलं जे असेल ते सगळं असतं. हवेत पाणी उडून जातं आणि मागे उरलेल्या पदार्थाचा इतका बारीक कण होतो की तो नाकात न अडकता थेट वायुकोशात, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत, उतरतो.

दक्षिण कोरियात याची भयंकर किंमत मोजावी लागली. तिथे १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक दुकानात सर्रास मिळत होतं. २०११च्या वसंतात सोलच्या एका मोठ्या रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका फुप्फुसं निकामी होऊन दाखल होऊ लागल्या. जंतू सापडेना. ऑगस्टपर्यंत संशय या जंतुनाशकावर आला. मग उंदरांना त्याचे तुषार श्वासावाटे दिले, तेव्हा त्यांच्या फुप्फुसांतही तसाच व्रण आणि तंतूंचं जाळं दिसलं. नोव्हेंबरात उत्पादनं बाजारातून उठवली. मुख्य दोषी होतं पॉलिहेक्सामिथिलीन ग्वानिडीन, थोडक्यात पीएचएमजी. ते नवं रसायन नव्हतं. तोंडावाटे आणि त्वचेवर तुलनेने सौम्य, असाच त्याचा लौकिक होता. श्वासावाटे चाचणी मात्र बाजारात आणण्याआधी कोणी केली नव्हती.

तुमच्या खोलीचा हिशेब मांडून पाहा. दहा बाय बाराची खोली, नऊ फूट उंच, म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. तीन लिटरच्या टाकीत १० टक्के सक्रिय द्रव्य असलेलं जंतुनाशक १० मिलिलिटर टाकलं, तर पाण्यात एक ग्रॅम द्रव्य आलं. यंत्र तासाला ३०० मिलिलिटर पाणी उडवत असेल तर तासाभरात १०० मिलिग्रॅम द्रव्य हवेत. खिडकी बंद असेल तर घनमीटरला तीन मिलिग्रॅमच्या वर. रात्रभराचा आकडा तुम्हीच काढा.

बुळबुळीवर उपाय टाकीबाहेर करायचा. रोज पाणी ओतून द्या, टाकी पुसून कोरडी करा. आठवड्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरने क्षार काढा, तीन-चार पाण्यांनी धुवा आणि मगच भरा. बोअरचं पाणी नको. आरओचं किंवा डिस्टिल्ड वापरा, नाहीतर क्षारांचीच पांढरी धूळ टेबलावर आणि छातीत बसते. निलगिरीचं तेलही टाकीत नको. तेवढी काळजी झेपत नसेल तर पाणी उकळून वाफ देणारं यंत्र बरं, फक्त भाजण्याची भीती असते म्हणून बाळाच्या हाताबाहेर ठेवावं लागतं.

प्रश्न : पावसाळी ट्रेकआधी आम्ही बुटांवर आणि सॅकवर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारतो. गेल्या वर्षी बंद खोलीत मारला आणि दोघांना रात्री धाप लागली. योगायोग? (ट्रेकिंग गट, ठाणे)

योगायोग वाटत नाही. वायुकोशांच्या आत साबणासारख्या द्रव्याचा एक पातळ थर असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटू नयेत हे त्याचं काम. पाणी झटकणारी रसायनं त्या थरात मिसळली की तो मोडतो आणि वायुकोश मिटू लागतात.

२००६च्या मार्चमध्ये जर्मनीत न्हाणीघराच्या काचेवर मारायच्या अशाच एका स्प्रेने शंभराच्या आसपास लोकांना त्रास झाला, काहींच्या फुप्फुसांत पाणी झालं. नाव होतं 'मॅजिक नॅनो', त्यामुळे नॅनोकणांवर गहजब झाला आणि तपासणीत एकही नॅनोकण सापडला नाही. त्याच मालाची हाताने दाबायची पंपाची बाटली आधी विकली जात होती, तिने असा त्रास झाला नव्हता. गॅसच्या दाबाचा डबा आल्यावर तुषार बारीक झाले आणि नाकाघशात अडकणारा माल खोल उतरला.

तेव्हा पंपाची बाटली किंवा फडक्याने लावायचा प्रकार घ्या. स्प्रेच असेल तर उघड्या गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून मारा आणि वस्तू पूर्ण वाळेपर्यंत बाहेरच ठेवा. जवळ कोणी सिगारेट ओढू नये. रुमाल बांधून उपयोग नाही. धाप काही तासांनी लागू शकते, म्हणून लगेच बरं वाटलं तरी त्या रात्री एकटं झोपू नका आणि धाप वाढली तर डॉक्टरांना स्प्रेचा डबा दाखवा.

प्रश्न : एम. फार्म.ला आहे. गोळीच्या औषधाचा डोस मिलिग्रॅम प्रति किलो असा सरळ देता येतो. इनहेलरच्या औषधात उंदराने किती घेतलं हे कसं मोजतात? पुस्तकात तीन वेगवेगळे 'डोस' दिलेत आणि गोंधळ होतो. (विद्यार्थिनी, कराड)

गोंधळ रास्त आहे. अहवालांमधल्या पुष्कळ चुका याच जागी होतात.

उंदराला औषध हवेतून मिळतं, त्यामुळे आपल्या हातात फक्त हवेतलं प्रमाण आणि वेळ असतो. सूत्र असं : हवेतलं प्रमाण (मिलिग्रॅम प्रति लिटर), गुणिले मिनिटाला आत जाणारी हवा (लिटर), गुणिले मिनिटं, भागिले वजन (किलो). मिनिटाला आत जाणारी हवा प्रत्येक प्राण्यात मोजत बसत नाहीत, वजनावरून काढतात : ०.६०८ गुणिले वजनाचा ०.८५२ वा घात. २५० ग्रॅमच्या उंदराला ती ०.१८७ लिटर येते, १० किलोच्या कुत्र्याला ४.३ लिटर.

आता समजा औषध माणसाला दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम द्यायचं आहे. उंदरांना लिटरला ०.०२ मिलिग्रॅम प्रमाणाच्या हवेत ६० मिनिटं ठेवलं. ०.०२ गुणिले ०.१८७ गुणिले ६० म्हणजे ०.२२४ मिलिग्रॅम, भागिले ०.२५, म्हणजे किलोला ०.९ मिलिग्रॅम. हा झाला 'पोचवलेला' डोस, म्हणजे नाकापुढून आत गेलेला. त्यातलं फुप्फुसात किती बसलं? नियामकांकडचा रूढ अंदाज असा : उंदरात १० टक्के, कुत्र्यात २५ टक्के, माणसात सावधगिरी म्हणून पूर्ण १०० टक्के. म्हणजे उंदराच्या फुप्फुसात 'बसलेला' डोस किलोला ९० मायक्रोग्रॅम. माणसाचा ४०० भागिले ६० किलो, म्हणजे ६.७. सुरक्षेचं अंतर साधारण १३ पट. पोचवलेला डोस धरून कोणी भागाकार केला तर तेच अंतर १३० पट दिसतं आणि कागदावर औषध दसपट सुरक्षित होतं.

तिसरा आकडा फुप्फुसाच्या वजनावर काढतात, कारण दाह आणि इजा जिथे औषध बसतं तिथेच होते. उंदराचं फुप्फुस दीड ग्रॅम धरलं तर ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम, माणसाचं किलोभर धरलं तर ०.४. हे अंतर ३७ पट. शरीरभर होणाऱ्या परिणामांसाठी रक्तातली पातळीही मोजतात. तुमच्या पुस्तकातले तीन डोस हेच, आणि कोणता कुठल्या प्रश्नासाठी हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

आपल्याकडे २०१९च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांतल्या दुसऱ्या अनुसूचीत याची चौकट आहे. एक कृंतक (उंदरासारखा कुरतडणारा) आणि एक अकृंतक प्राणी, बाजारात येणारंच फॉर्म्युलेशन, तीन डोसगट आणि एक कंट्रोल (औषध न दिलेला गट), गरज असेल तर वाहकाचा, म्हणजे औषध ज्यात मिसळतात त्या पदार्थाचा, वेगळा कंट्रोल. ड्राय पावडर इनहेलरमध्ये लॅक्टोज बहुतेक वेळा औषधापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे तो वाहकाचा गट लागतोच. दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, आठवड्याला पाच दिवस. वायू आणि बाष्प अख्ख्या शरीराच्या पेटीत, तुषार आणि पावडर मात्र फक्त नाकाशी, म्हणजे प्राणी नळीत आणि नाक तेवढं हवेच्या धारेत. असं नाही केलं तर केसांवर बसलेलं औषध प्राणी चाटतो आणि तुमची श्वसनाची चाचणी अर्धी तोंडावाटेची होते.

नळीची सवय आधी लावावी लागते : पहिल्या दिवशी थोडा वेळ, मग वाढवत तीन-चार दिवसांत पूर्ण वेळ. सवय नसलेला उंदीर नळीत तापतो, उलटा वळायला बघतो, वजन घटतं आणि तो ताणाचा परिणाम औषधाच्या नावावर लागतो.

शवविच्छेदनात नाकाचे किमान चार छेद, स्वरयंत्राचे तीन, श्वासनलिकेचे दोन. फुप्फुसात फिक्सेटिव्ह (ऊती टिकवणारं द्रव) २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने भरतात. नुसतं फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं तर ते मिटलेलंच राहतं आणि मिटलेल्या फुप्फुसात सौम्य दाह ओळखणं कठीण. धुवण (लॅव्हाज, म्हणजे फुप्फुसात द्रव सोडून तो पेशींसकट परत काढणं) उजव्या बाजूने घ्यायचं असेल तर डावं फुप्फुस बांधून छेदांसाठी राखून ठेवतात. त्याच फुप्फुसाचं धुवण घेऊन मग त्याचेच छेद पाहिले, तर पेशी कुठे गेल्या म्हणून शोधत बसावं लागतं.

एक मतभेदाची जागा सांगून ठेवतो. वायुकोशात फेसाळ दिसणारे मॅक्रोफेज जवळजवळ प्रत्येक पावडरच्या अभ्यासात सापडतात. त्यांचं काम सफाईचं आहे, त्यामुळे ते थोडे वाढलेले दिसणं म्हणजे इजा नव्हे. पण सोबत न्यूट्रोफिल (दाहात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी), वायुकोशाच्या भिंतीची जाडी किंवा तंतू असतील आणि औषध थांबवून चार आठवड्यांनीही ते हटले नसतील, तर त्याला 'जुळवून घेणं' म्हणणं ही पळवाट आहे.

प्रश्न : आमच्या युनिटमधल्या एका रसायनाच्या एसडीएसवर (सुरक्षा माहितीपत्रकावर) 'एलसी-५०, श्वसन, रॅट, ४ तास : १.२ मिलिग्रॅम प्रति लिटर' लिहिलंय. आमची पाळी आठ तासांची. मग आम्ही ०.६ धरायचं का? (ऑपरेटर, लोटे-परशुराम)

आधी हा आकडा काय आहे ते. चार तासांत निम्मे उंदीर मरतात, चौदा दिवसांच्या निरीक्षणात, तेवढं हे प्रमाण. कामाची मर्यादा म्हणून तो वापरायचाच नसतो, निम्मा करून तर नाहीच. १.२ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे घनमीटरला १,२०० मिलिग्रॅम, एवढी धूळ असेल तर समोरचा माणूस धूसर दिसेल.

दुसरं, तो आकडा धुळीचा की बाष्पाचा हे एसडीएसवर शोधा. धूळ किंवा तुषार असेल तर १.२ हा विषारीपणाच्या चौथ्या वर्गात पडतो (१ ते ५). बाष्प असेल तर तोच १.२ दुसऱ्या वर्गात (०.५ ते २), म्हणजे कितीतरी जास्त घातक. अनेक एसडीएसमध्ये ही ओळ गाळलेली असते. मालपुरवठादाराकडे लेखी विचारा.

तिसरं, वेळेचा हिशेब. प्रमाण गुणिले वेळ कायम राहतं हा हाबरचा जुना नियम, आणि तो पुष्कळ वायूंना लागू पडत नाही. बऱ्याच पदार्थांत वेळेपेक्षा प्रमाण जास्त मारक ठरतं, म्हणून सूत्रात प्रमाणाचा घात घेतात, साधारण एक ते तीनच्या दरम्यान. नेमका घात माहीत नसेल तर सावध रीत अशी : जास्त वेळेकडे जाताना घात एक, कमी वेळेकडे येताना तीन. तुमच्या आकड्याला आठ तासांसाठी ०.६ येतो, तेवढा तुमचा अंदाज बरोबर. पण अर्ध्या तासासाठी हाबर ९.६ सांगतो आणि सावध रीत २.४. गळतीच्या वेळी 'पाच मिनिटांचंच काम आहे' म्हणत आत धावणाऱ्यांचा घात करणारा फरक तो हा.

कामाची मर्यादा वेगळीच असते आणि ती बहुतेकदा एलसी-५०च्या शेकडो-हजारो पट खाली असते. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री जो वायू सुटला, त्या मिथाइल आयसोसायनेटची आठ तासांची मर्यादा ०.०२ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आहे, म्हणजे घनमीटरला जेमतेम ०.०५ मिलिग्रॅम. (पीपीएमचे मिलिग्रॅम प्रति घनमीटर करायला रेणुभाराने गुणून २४.४५ ने भागा.) भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात ४१-फ कलम आलं आणि रसायनांच्या मर्यादांची यादी कायद्याला जोडली गेली. तुमच्या रसायनाचा आकडा एसडीएसच्या आठव्या विभागात असायला हवा. तिथे 'माहिती उपलब्ध नाही' असेल तर मर्यादाच नाही असा अर्थ काढू नका.

आणि वासावर विसंबू नका. उंदीर नाकानेच श्वास घेतो, झोंबणारा वायू आला की श्वास मंद करतो आणि त्यामुळे कमी विष घेतो. काम करणारा माणूस दमलेला असतो, तोंडाने श्वास घेतो, आणि नाकाची गाळणी बाजूला पडते.

प्रश्न : चाचणी प्रयोगशाळेत नवा आहे. पावडरच्या चाचणीत हिशेबाने ५ मिलिग्रॅम प्रति लिटर यायला हवं, फिल्टरवर १.५ येतं. वरिष्ठ म्हणतात जनरेटर (पावडर हवेत उडवणारं यंत्र) वाढव. बरोबर आहे का? (नाव न छापण्याच्या अटीवर)

वाढवण्याआधी थांबा. हिशेबाचं प्रमाण म्हणजे वापरलेली पावडर भागिले एकूण हवा, त्यात भिंतीवर चिकटलेलं आणि खाली पडलेलं सगळं मोजलं जातं. तुषारात तिसरा हिस्सा नाकापर्यंत पोचणं हे बिघाडाचं लक्षण नाही. अहवालात दोन्ही आकडे द्यायचे असतात, निकाल मात्र फिल्टरच्याच आकड्यावर.

बघायचं ते हे. फिल्टरचा नमुना प्राण्यांच्याच पोर्टवर (प्राण्याचं नाक जिथे येतं त्या छिद्रावर), नाकाच्या उंचीला घेता ना? पोर्टला मिनिटाला एक लिटर हवा येत असेल आणि पंप दोन लिटर ओढत असेल तर शेजारची हवा आत येते आणि आकडा पडतो. एक लिटरने पाच मिनिटं ओढा : पाच लिटर हवेत ७.७५ मिलिग्रॅम आलं तर १.५५. फिल्टर आधी-नंतर एकाच आर्द्रतेला ठेवून तोला, पावसाळ्यात ओलाव्याचंच वजन भरतं. पदार्थ थोडा जरी उडून जाणारा असेल तर वजनाची पद्धत सोडून रासायनिक मोजणी करा.

नाकाच्या पेटीत येणारी हवा बाहेर ओढल्या जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त असली पाहिजे, नाहीतर खोलीतली हवा फटींतून आत येऊन माल पातळ करते. (अख्ख्या शरीराच्या पेटीत उलट, तिथे आत किंचित कमी दाब ठेवतात, म्हणजे गळती बाहेर होत नाही.) फार कोरड्या हवेत पावडरला स्थिर वीज येते आणि ती नळीला चिकटते, धातूची नळी आणि अर्थिंग तपासा.

जनरेटर वाढवला की काय होतं? प्रमाण वाढतं, कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि तुम्ही असे जड कण देता जे नाकातच राहतात. म्हणून कण मोजल्याशिवाय प्रमाण वाढवू नका. तीव्र (एकाच वेळच्या) चाचणीत कणांचा मध्यक व्यास १ ते ४ मायक्रॉनमध्ये आणि त्यांच्या आकारांचा पसारा १.५ ते ३ मध्ये बसला पाहिजे. २८ आणि ९० दिवसांच्या चाचण्यांत, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणी-सूचनांतल्या २०१८च्या सुधारणेनंतर, २ मायक्रॉन किंवा त्याखाली. कॅस्केड इम्पॅक्टर (कण आकारानुसार वेगळे करून मोजणारं उपकरण) चार तासांत किमान दोनदा चालवा. ५ मिलिग्रॅमला कण ७ मायक्रॉन होत असतील तर बारीक कण ठेवून गाठता येईल तेवढं प्रमाण द्या आणि ते का, हे लिहा. मोठ्या कणांचा ५ मिलिग्रॅम देऊन 'एकही उंदीर मेला नाही' असं छापणं म्हणजे चाचणी न करताच प्रमाणपत्र देणं.

घड्याळ कधी लावायचं तेही सांगतो. पेटीचं आकारमान भागिले हवेचा वेग, गुणिले तीन, इतक्या वेळात प्रमाण ९५ टक्क्यांवर येतं. तीन लिटरची नाकाची पेटी आणि मिनिटाला १५ लिटर हवा असेल तर ३६ सेकंद. हजार लिटरची मोठी पेटी आणि २०० लिटर हवा असेल तर १५ मिनिटं. प्रमाण स्थिर झाल्यावर प्राणी लावा. मोठ्या पेटीत आधीपासून असतील तर ही १५ मिनिटं हिशेबात धरा. चाचणीभर वायू आणि बाष्पाचं प्रमाण सरासरीच्या १० टक्क्यांत, तुषारांचं २० टक्क्यांत राहायला हवं. ऑक्सिजन १९ टक्क्यांखाली नको, कार्बन डायऑक्साइड एक टक्क्यावर नको.

प्रश्न : दम्याच्या पंपातलं औषध तेच, गॅस फक्त बदलला, तर पुन्हा सगळ्या चाचण्या कशाला? त्यानेच किंमत वाढते. (ज्येष्ठ नागरिक, सांगली)

गॅस रोज, आयुष्यभर छातीत जातो, म्हणून त्याची तपासणी औषधासारखीच होते. ओझोन थर वाचवण्याच्या १९८७च्या माँट्रियल करारानंतर पंपातले सीएफसी गॅस जाऊन एचएफए गॅस आले तेव्हा कंपन्यांनी एकत्र येऊन त्यांच्या चाचण्या केल्या. त्यांत हृदयाची एक खास चाचणी असते : कुत्र्याला गॅस आणि सोबत अॅड्रिनॅलिन देऊन ठोके बिघडतात का ते पाहतात.

पण तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर बेक्लोमेथासोन या दम्याच्या स्टेरॉइडने दिलं. जुन्या गॅसमध्ये ते तरंगत असे, तुषार साडेतीन मायक्रॉनच्या आसपास. नव्या गॅसच्या एका पंपात ते विरघळलं आणि तुषार १.१ मायक्रॉनवर आले. औषध तेच, पण इतकं जास्त खोल उतरू लागलं की डोस जवळजवळ निम्मा करावा लागला. म्हणूनच डॉक्टरांना न विचारता एका कंपनीचा पंप सोडून दुसऱ्या कंपनीचा, मायक्रोग्रॅम जुळवून, घेऊ नये.

शिवाय नवा गॅस व्हॉल्व्हच्या रबरातून नवी रसायनं ओढून काढतो. दिवसाला ०.१५ मायक्रोग्रॅमच्या खाली असतील तर सहसा सोडून देतात, ५ च्या वर गेली तर प्रत्येकाचा विषारीपणा वेगळा सिद्ध करावा लागतो. नायट्रोसामीनसारख्या कर्करोगकारकांना तर ही सवलतही नाही.

प्रश्न : प्राण्यांशिवाय हे होणार कधी? (महाविद्यालयीन गट, पणजी)

काही कामं आजच होतात. माणसाच्या नाकातल्या किंवा श्वासनलिकेतल्या पेशी छिद्रदार पडद्यावर वाढवतात, खालून पोषण, वरून हवा. त्यांना केस फुटतात, त्या चिकट द्रव सोडतात. वरून तुषार सोडून दोन गोष्टी मोजतात : थराचा विद्युत-रोध किती पडला आणि पेशी फुटून एलडीएच हे विकर किती बाहेर आलं. पेशी द्रवात बुडवून वर रसायन ओतणं ही जुनी पद्धत इथे कुचकामी, कारण खऱ्या फुप्फुसात तसं कधी होत नाही.

क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकासाठी उत्पादक कंपनीने ९० दिवसांच्या उंदरांच्या चाचणीऐवजी हीच पद्धत आणि माणसाच्या नाका-घशातल्या हवेच्या प्रवाहाचं संगणकी गणित पुढे ठेवलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये त्यावर तज्ज्ञांची बैठक घेतली. तिथे हे चाललं कारण ते रसायन जिथे लागतं तिथेच जाळतं. वर सांगितलेल्या वॉटरप्रूफिंग स्प्रेसाठी तर सर्फॅक्टंटच्या एका थेंबावर तुषार सोडून त्याचा पृष्ठताण पाहणारी चाचणी आहे, आणि ती उंदरांपेक्षा नेमकं कारण दाखवते.

रक्तात जाऊन यकृत किंवा गर्भावर परिणाम करणाऱ्या पदार्थाला हे पुरत नाही. महिनोन्महिने साचत जाणाऱ्या न विरघळणाऱ्या धुळीलाही नाही. मात्र त्या धुळीच्या बाबतीत उंदीरही फसवतो : सफाई थकेल इतकी धूळ भरली तर निरुपद्रवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडनेही त्याच्या फुप्फुसात गाठी होतात. घनमीटरला २५० मिलिग्रॅम, दोन वर्षं, हा तो प्रसिद्ध प्रयोग. भारतात २०२३च्या दुरुस्तीने औषधांसाठी प्राण्यांविना पद्धती नियमांत आल्या आहेत.

प्रश्न : श्वासातून घ्यायचं इन्सुलिन भारतात आलं म्हणतात. सुई चुकेल. मी धूम्रपान सोडून वर्ष झालं, हलका दमा आहे. घेऊ का? (एक वाचक, सोलापूर)

दमा हलका असला तरी नको. दमा आणि सीओपीडीच्या (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णांत याने श्वासनलिका एकाएकी आवळल्याचं दिसलं आहे आणि अमेरिकेतल्या वेष्टनावर तसा ठळक इशारा आहे. दमा नसलेल्यांनीही सुरू करण्याआधी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणारी चाचणी) करायची, सहा महिन्यांनी पुन्हा आणि पुढे वर्षातून एकदा, खोकला-धाप नसली तरी.